टाळी वाजवल्यावर बाळ वळलं, म्हणजे ऐकू येतंच असं नाही!

बाळाच्या मागे टाळी किंवा ताट वाजवायचं आणि त्याने मान वळवली की निश्चिंत व्हायचं. ही घरगुती चाचणी फसवी आहे. बाळ हालचाल बघूनही वळतं. शिवाय ताटाचा आवाज ऐकणाऱ्या बाळाला ‘स’, ‘फ’ असे बारीक आवाज ऐकू येत नसतील, तर बोलणं शिकताना ते अडतं.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाळाच्या प्रतिसादावर विसंबत नाहीत. ओएई चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात हलका आवाज सोडतात. निरोगी आंतरकर्णातून अगदी क्षीण आवाज परत येतो, तो मशीन टिपतं. काही मिनिटांचं काम, दुखत अजिबात नाही.

रिपोर्टवर ‘रेफर’ आलं म्हणजे बहिरेपण ठरलं असं नव्हे. कानात द्रव साचल्यानेही तसं येतं. पण पुढची तपासणी टाळू नये. आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे बेरा चाचणीत कळतं.

तज्ज्ञांचं वेळापत्रक १-३-६ असं आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

श्रवणयंत्र बसवल्यावरही फेऱ्या संपत नाहीत. बाळाचा कान वाढतो, यंत्राचा साचा सैल होतो आणि शिट्टी वाजू लागते. मग नवा साचा.