कंदातून ट्यूबमध्ये : ‘नैसर्गिक’ हार्मोन क्रीमची गोष्ट

पाळी जायच्या वयात अंगातून एकदम गरम वाफा निघतात. रात्री घामानं अंथरूण ओलं होतं, झोप उडते, जीव उगाच चिडचिडा होतो. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणी ‘वय झालं’ म्हणून हे मुकाट्यानं सोसतात. मग कुणाच्या तरी मोबाईलवर जाहिरात दिसते, नाहीतर ओळखीतली कुणी एखादी ट्यूब घेऊन येते. नाव असतं ‘नैसर्गिक हार्मोन क्रीम’. मनगटाला, पोटाला, मांडीला चोळायचं. वर रताळ्यासारख्या कंदाचं चित्र. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काहीच नाही,’ असं सांगितलं जातं.

त्या चित्रातल्या कंदाचा इतिहास खरा आहे आणि मोठाही आहे. फक्त ट्यूबवर तो अर्धाच सांगितलेला असतो. आज तो पुरा सांगते.

आधी शरीराकडे बघू. आपल्या बीजांडकोशात दोन मुख्य हार्मोन तयार होतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेन गर्भपिशवीचं अस्तर वाढवतं. बीज बाहेर पडलं की त्या जागी एक पिवळा ठिपका उरतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन येतं. ते अस्तराची वाढ आवरतं आणि गर्भ राहिला तर तो टिकवून धरतं. गर्भ राहिला नाही तर दोन्ही हार्मोन उतरतात, अस्तर गळतं, तीच पाळी. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत बीज दर महिन्याला बाहेर पडत नाही. त्यामुळे प्रोजेस्टेरॉनची पाळी चुकते, अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम खूप अंगावरून जातं. पुढे इस्ट्रोजेनही घटतं, तेव्हा वाफा सुरू होतात.

हे प्रोजेस्टेरॉन शास्त्रज्ञांच्या हाती शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा आलं १९३४ साली. जर्मनीतल्या आडोल्फ ब्युटेनांट यांनी त्यासाठी सुमारे ५०,००० डुकरिणींचे बीजांडकोश वापरले आणि हाती लागलं किती, तर २० मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. साहजिकच त्याची किंमत सोन्यापेक्षा चढी होती. १९४०च्या सुमाराला अमेरिकेत एका ग्रॅमला ८० डॉलर पडत. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी डॉक्टरांना ते हवं होतं, पण परवडणार कुणाला?

इथे गोष्टीत रसेल मार्कर येतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवत होता. माणूस हट्टी आणि भांडकुदळ. त्याचं म्हणणं असं, की प्राण्यांच्या मागे कशाला लागायचं? काही वनस्पतींच्या मुळांत फेस आणणारे पदार्थ असतात, त्यांची घडण या हार्मोनशी जुळते. आपल्याकडे रिठ्याला फेस येतो ना, त्या जातीचे पदार्थ. त्यांचा नको असलेला भाग तोडला तर प्रोजेस्टेरॉन हाती लागेल. ती तोडण्याची रीत त्यानं बसवली. आता हवी होती अशी वनस्पती, जिच्यात तो पदार्थ भरपूर आहे. वनस्पतीशास्त्राच्या एका पुस्तकात त्याला मेक्सिकोतल्या एका रानटी कंदाचं चित्र दिसलं आणि तो निघाला.

जानेवारी १९४२. अमेरिका नुकतीच महायुद्धात उतरली होती, परक्या मुलखात जाण्याचे दिवस नव्हते. मार्करला स्पॅनिश भाषा येत नव्हती. बसनं तो व्हेराक्रूझ प्रांतात, ओरिझाबा आणि कोर्दोबा या गावांच्या मधल्या रस्त्यावर उतरला. तिथे आल्बेर्तो मोरेनो नावाच्या माणसाचं छोटंसं दुकान होतं. त्यानं त्याला ‘काबेसा दे नेग्रो’ म्हणतात तो कंद मिळवून दिला. गोष्ट अशी सांगतात, की दोन पोती बसच्या टपावर टाकली आणि ती वाटेत चोरीला गेली. पोलिसाच्या हातावर पैसे टेकवले तेव्हा त्यातलं एक परत मिळालं. त्या एका पोत्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

हा कंद आपल्याला अगदी परका नाही. आपलं कोनफळ, कोकणातले कारांदे, रानातला कडू कारांदा, हे सगळे त्याच कुळातले. काश्मीर-हिमाचलच्या डोंगरात ‘शिंगली-मिंगली’ नावाचा एक भाऊबंद आहे. आपल्या देशातल्या औषध कारखान्यांसाठी तो इतका उपसला गेला, की आज त्याच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. पण म्हणून कोनफळाची भाजी खाल्ली की हार्मोन मिळतं, असं मुळीच नाही. का, ते पुढे येतंच.

ज्या औषध कंपनीच्या पैशावर मार्कर काम करत होता, तिनं मेक्सिकोत पैसा घालायला नकार दिला. मार्करनं स्वतःच्या बचतीतून पैसे काढले, मेक्सिकोत जवळजवळ दहा टन कंद गोळा करून वाळवले, त्याचा अर्क अमेरिकेत नेला आणि तीन किलो प्रोजेस्टेरॉन तयार केलं. ८० डॉलरच्या भावानं हिशेब करा, २,४०,००० डॉलर झाले! वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बरण्या घेऊन तो मेक्सिको शहरातल्या एका छोट्या औषध कंपनीच्या दारात उभा राहिला. त्यातून १९४४ साली ‘सिन्टेक्स’ ही कंपनी निघाली. वर्षभरातच पैशावरून भागीदारांशी भांडून तो बाहेर पडला. काही वर्षांनी रसायनशास्त्रही सोडलं आणि चांदीच्या जुन्या वस्तूंच्या नकला करून विकण्याच्या धंद्यात शिरला. कंपनी मात्र वाढत गेली आणि प्रोजेस्टेरॉनचा भाव कोसळला.

आता नीट ऐका, कारण ट्यूबवर गाळलेली गोष्ट हीच आहे. कंदात प्रोजेस्टेरॉन नसतं. कंदात असतं डायोसजेनिन. त्याचं प्रोजेस्टेरॉन करायला तीव्र रसायनं लागतात, बंद भांड्यात जवळजवळ २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, आणि त्यापुढेही काही पायऱ्या असतात. हे काम कारखान्यात होतं. माणसाच्या शरीरात ते करणारी यंत्रणाच नाही. कंद शिजवून खा, वाटून लावा, नाहीतर त्याचा अर्क क्रीममध्ये घालून चोळा, डायोसजेनिनचं प्रोजेस्टेरॉन होत नाही.

मेक्सिकोत पुढे ‘बार्बास्को’ नावाचा दुसरा, जास्त अर्क देणारा कंद सापडला. व्हेराक्रूझ, ओआहाका, ताबास्को, च्यापास या भागांतले गरीब शेतकरी, आदिवासी कोयत्यानं वाट काढत रानात जायचे, कंद खणायचे आणि पाठीवरून आणून दलालाच्या काट्यावर घालायचे. भाव दलाल सांगेल तो. तेंदूपत्ता किंवा मोहाची फुलं गोळा केलेल्या बायांना हा काटा ओळखीचा वाटेल. आपण खणतो त्याचं पुढे काय होतं, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्याचा साबण करतात, असं पुष्कळांना वाटायचं. १९७५ साली तिथल्या सरकारनं ‘प्रोकिव्हेमेक्स’ नावाची सरकारी कंपनी काढून खणणाऱ्यांना बरा भाव द्यायचा प्रयत्न केला. पण तोवर परदेशी कंपन्या सोयाबीनसारख्या दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळू लागल्या होत्या.

याच सिन्टेक्समध्ये १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोंतेस या तरुण मेक्सिकन विद्यार्थ्यानं नॉरएथिस्टेरॉन तयार केलं. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण गोळी पाहिली असेल. सणासुदीला, लग्नकार्यात, वारीच्या दिवसांत पाळी पुढे ढकलायला दुकानातून जी गोळी आणली जाते, तिच्यात बहुधा हेच असतं. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हे हार्मोन आहे. डॉक्टरांना न विचारता ती गोळी घेणं मला बरोबर वाटत नाही, पण तो विषय एका वेगळ्या भाषणाचा आहे.

आता पाळी गेल्यानंतरच्या औषधांकडे येऊ. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मुतापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या बाजारात आल्या. तेही ‘नैसर्गिक’च, नाही का? वाफांवर त्या खरोखर लागू पडत. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरनं पुस्तक लिहून जाहीर केलं, की पाळी जाणं हा रोगच आहे आणि या गोळीनं बाई कायम तरुण राहील. लाखो बायकांनी वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या. १९७५ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त आढळला. अस्तर वाढवणारं होतं, आवरणारं कुणीच नव्हतं. तेव्हापासून नियम झाला, की गर्भपिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेन द्यायचं तर सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तसं काम करणारं औषध द्यायचंच, आणि तेही पुरेसं.

क्रीमची लाट आली १९९०च्या दशकात. कॅलिफोर्नियातले डॉक्टर जॉन ली यांचं म्हणणं होतं, की बायकांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इस्ट्रोजेनचा वरचष्मा हे आहे, आणि कातडीवर प्रोजेस्टेरॉन चोळलं की त्या जातात, हाडंही भरतात. त्यांची पुस्तकं खूप खपली. त्यांचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. बायकांचं ऐकून घेणारे डॉक्टर तेव्हा कमीच होते आणि ते ऐकून घेत. मग जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला. १६,६०८ बायका, घोड्यांचं इस्ट्रोजेन आणि सोबत एक कृत्रिम हार्मोन. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ आणि पक्षाघाताच्या ८ केसेस जास्त निघाल्या. मांडीचं हाड मोडण्याच्या ५ कमी झाल्या, तो फायदाही होता. पण बातमी भीतीचीच पसरली. घाबरलेल्या बायका ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या ट्यूबकडे वळल्या, आणि विकणाऱ्यांनी ती संधी सोडली नाही.

पण ट्यूब दोन जातींच्या असतात. एका जातीत कारखान्यात तयार केलेलं खरं प्रोजेस्टेरॉन असतं. दुसरीत नुसता कंदाचा अर्क. चित्र दोन्हींवर तेच. अर्काच्या क्रीमची २००१ साली ऑस्ट्रेलियात परीक्षा झाली. काही महिने खरं क्रीम, काही महिने नुसतं साधं क्रीम, आणि कुठलं कधी हे बायकांना माहीत नाही. फरक काहीच दिसला नाही. खऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या क्रीमचा निकाल सरळ नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या १०२ बायकांवरच्या अभ्यासात वाफा कमी झाल्या, हाडांना मात्र फायदा झाला नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियात आणि २००९ साली ब्रिटनमध्ये केलेल्या अभ्यासांत वाफांवरही ते साध्या क्रीमपेक्षा सरस ठरलं नाही. साधं क्रीम लावूनही काही बायकांना बरं वाटतं. वाफा आपोआपही कमी-जास्त होतात. म्हणून शेजारणीचा अनुभव खोटा नसतो, पण तो पुरावाही होत नाही.

खरा धोका वेगळ्याच जागी आहे. कातडीतून रक्तात जाणारं प्रोजेस्टेरॉन गर्भपिशवीच्या अस्तराला आवरायला पुरत नाही. एखादी बाई इस्ट्रोजेनची गोळी घेत असेल आणि सोबतची प्रोजेस्टेरॉनची गोळी ‘रासायनिक’ म्हणून बंद करून त्याजागी क्रीम लावत असेल, तर ती १९७५च्या बायकांच्या जागी उभी आहे. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल मिळते. तीही अंगातल्या हार्मोनसारखीच असते, फक्त तिचं माप ठरलेलं असतं आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. आज डॉक्टर साठीच्या आतल्या, खूप त्रास होणाऱ्या बाईला तपासून हार्मोन देतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर सहसा देत नाहीत.

आणि ज्यांची पिशवीच काढली आहे त्यांचं काय? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो. अशा बाईला वाफांचा त्रास सगळ्यांत जास्त, म्हणून ट्यूबचं गिऱ्हाईक व्हायलाही तीच पुढे. पण जिला पिशवी नाही, तिला अस्तर आवरायला प्रोजेस्टेरॉनची बहुधा गरजच नसते. तिला कमी पडलेलं असतं इस्ट्रोजेन. काय काय काढलं, हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलं पाहिजे.

ट्यूब घरात आलीच असेल, तर मागची बारीक अक्षरं मुलीकडून वाचून घ्या. ‘प्रोजेस्टेरॉन’ असं लिहून मिलिग्रॅममध्ये माप दिलंय का? दिलं असेल तर ते औषध आहे, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका. दिलं नसेल, नुसता कंदाचा अर्क असेल, तर तुम्ही हातापायाला लावायच्या क्रीमची मोठी किंमत मोजली आहे. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल जायला लागलं, थोडंसं, एकदाच का होईना, तर ट्यूब संपायची वाट बघू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या. अस्तराचा कर्करोग असलाच, तर लवकर कळल्यावर बहुतेक बायका त्यातून बऱ्या होतात.