एकाच गट नंबरचे दोन सातबारे

मागच्या वर्षी आपल्या तालुक्यातल्या एका शाळेची बातमी मी दिली होती. शिक्षकाच्या हलगर्जीपणामुळे मुलांचे प्रकल्प गायब, असा तिचा मथळा होता. ती बातमी चुकीची होती. आज दुरुस्ती लिहितोय, आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल.

झालं असं. शाळेत लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर आले. ठेकेदाराने एक मशीन नीट तयार केलं आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल बाकी सगळ्यांत उतरवली. काही महिन्यांनी एक मशीन बंद पडलं. त्यातल्या फायली वाचवायला सरांनी त्याची डिस्क शेजारच्या मशीनला जोडली. दोन दिवस ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी त्या शेजारच्या मशीनवरचं मुलांचं काम दिसेना. खापर सरांवर फुटलं आणि ते फोडायला मी हातभार लावला.

आता इतिहास. डिस्कचे हिस्से पाडतात त्याला पार्टिशन म्हणतात, म्हणजे आपली वाटणीच. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी आला, सोबत डॉस २.०. तेव्हा ठरलं की डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतच वाटणीपत्र ठेवायचं. त्यात जागा ६४ बाइटांची, प्रत्येक हिश्श्याला १६. म्हणजे हिस्सेदार चारच! पाचवा हवा असेल तर चारातल्या एकाचे पोटहिस्से पाडायचे. ही पद्धत इतकी मुरली की पुढे कित्येक वर्षं सगळे तिच्यावरच चालले. डिस्क २ टेराबाइटच्या पुढे गेल्यावर मात्र ती अपुरी पडली आणि जीपीटी नावाची नवी पद्धत रुळली.

लिनक्स १९९१ मध्ये आलं. त्यात डिस्कची ओळख जागेवरून ठरायची. पहिली डिस्क एचडीए, दुसरी एचडीबी. म्हणजे 'वडाच्या पूर्वेकडचं शेत' म्हणण्यासारखं. केबल बदलली की नाव बदललं. २००६-०७ च्या सुमारास कर्नलमध्ये बदल झाले आणि बऱ्याच मशीनवर एचडीएचं एसडीए झालं. कोणता हिस्सा कुठे जोडायचा हे लिहिलेल्या एफएसटॅब फायलीत जुनं नाव राहिलं, तर मशीन सुरू होताना अडायचं.

म्हणून यूयूआयडीचा वापर वाढला. प्रत्येक हिश्श्याला १२८ बिटांचा स्वतःचा नंबर. जागा बदलली तरी नंबर तोच. आपला गट नंबर म्हणा ना. उबुंटूने २००६ मध्येच एफएसटॅबमध्ये हे नंबर वापरायला सुरुवात केली.

इथेच गोम आहे. हुबेहूब नक्कल करणारी डीडी ही युनिक्सची आज्ञा १९७० च्या दशकातली. पुढे तैवानमध्ये तयार झालेल्या क्लोनझिलासारख्या साधनांनी हे काम आणखी सोपं केलं. पण हुबेहूब म्हणजे नंबरसकट! एकच असावा म्हणून दिलेला नंबर वीस मशीनवर तोच. मशीन वेगवेगळी आहेत तोवर काही बिघडत नाही. दोन डिस्क एका मशीनमध्ये आल्या की एकाच गट नंबरचे दोन सातबारे समोर. एक्सएफएस निदान अडून बसतं, असा नंबर आधीच जोडलेला आहे म्हणून दुसरा जोडत नाही. एक्सटी४ गुपचूप कुठलातरी एक घेतं.

शाळेत हेच झालं होतं. एका दुरुस्तीवाल्या पोराने माझ्यासमोर दोन्ही डिस्कचे नंबर काढून दाखवले. शेवटच्या अक्षरापर्यंत सारखे. मुलांचं काम गेलंच नव्हतं. ते आपल्याच डिस्कवर शाबूत होतं, मशीन मात्र तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डिस्कच्या घरात शिरलं होतं. उपायही साधा निघाला. जोडलेल्या डिस्कच्या हिश्श्यांना ट्यूनटूएफएसने नवे नंबर दिले. मशीनची स्वतःची डिस्क असती, तर एफएसटॅबमध्ये आणि बूटलोडरमध्येही तेच नंबर बदलावे लागले असते.

नक्कल केल्यावर आणखी दोन गोष्टी राहतात. मशीन-आयडी तोच राहिला तर काही लिनक्समध्ये दोन मशीनना एकच आयपी पत्ता मिळतो आणि नेट तुटत राहतं. एसएसएचच्या किल्ल्या त्याच राहिल्या तर एका मशीनची किल्ली सगळ्यांना लागते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेट तपासलं तेव्हा हजारो यंत्रांवर अशा सामायिक किल्ल्या सापडल्या होत्या.

नक्कल करणं वाईट नाही. वीस मशीन हाताने कोण भरणार? पण नक्कल झाली की काम संपत नाही, प्रत्येकाला वेगळी ओळख देणं बाकी असतं. आमच्याकडेही जुन्या अंकाचं पान उचलतात आणि तारीख बदलायची राहते, तसंच हे.

माझं म्हणणं एवढंच. शाळा, ग्रामपंचायत, ग्रंथालय, कुठेही कॉम्प्युटर येतील तेव्हा बिल पास करण्याआधी कोणतीही दोन मशीन घ्या आणि तीन गोष्टी ताडून पाहा. हिश्श्यांचे नंबर, मशीन-आयडी, किल्ल्या. सारख्या निघाल्या तर ठेकेदाराला परत बोलवा. ही अट कागदावरच घाला.

आणि सर, तुमची जाहीर माफी. मथळा माझा होता, चूकही माझीच.