तांबेरा आणि महाबळेश्वरची परीक्षा

आज भात-नाचणी सोडून गव्हावर लिहितोय. आमच्या खेडकडे गहू दुकानातूनच येतो. पण आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की तिथं गव्हाच्या वाणांची तांबेऱ्यासाठी परीक्षा घेतात, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

तांबेरा मी पहिल्यांदा पाहिला तो निफाडकडच्या पाहुण्यांच्या शेतात. गहू ओंबीवर आलेला. आत फिरून बाहेर आलो तर पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत विटकरी! ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. आपल्याकडचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. मग दरवर्षी रोग येतो कुठून? आग्र्याच्या डॉ. के. सी. मेहतांनी हे कोडं सोडवलं. उन्हाळ्यात तो थंड डोंगरात जगतो, दक्षिणेत निलगिरी-पळणीत, आणि हंगामात वाऱ्यावर खाली येतो.

१९४६-४७ साली काळ्या तांबेऱ्यानं मध्य भारतातला गहू बसवला. नुकसानीचा अंदाज वीस लाख टनांचा, आणि दिवस रेशनिंगचे. आपल्या निफाडच्या केंद्रात केनियाचा गहू आणि निफाड ४ यांचा संकर करून 'केनफड' वाण काढले. नावातच दोन्ही गावं-मुलूख आले बघा.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, हवा थंड नि दमट, म्हणजे तांबेऱ्याचं माहेरच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केंद्र तिथं आहे. अशा चाचणीत तपासायच्या वाणांभोवती चटकन रोग घेणारा गहू मुद्दाम पेरतात आणि त्यावर बीजाणू पाण्यात कालवून फवारतात. आपण औषध फवारतो, हे लोक रोग फवारतात! मग पान-खोडाचा किती टक्के भाग व्यापला ते बघतात आणि फोडही बघतात. फोड बारीक, भोवतालचं पान सुकलेलं, तर वाण झुंज देतोय. मोठे, भुकटीनं भरलेले फोड आले की वाण नापास.

पास झालेला वाणही कायमचा पास नसतो. एसआर-३१ या एकाच जनुकावर जगभरचे कितीतरी गहू वर्षानुवर्षे तगले. १९९८ साली युगांडात सापडलेल्या यूजी-९९ नं तेच कवच फोडलं. त्यानंतर आपल्या देशातले वाण तपासणीला केनियातल्या न्जोरोला जाऊ लागले. एकेकाळी तिकडचा गहू निफाडला आला होता, आता इकडचा तिकडं.

देशावरच्या मित्रांनो, तुमच्या घरात कुणी केनफड पेरल्याचं आठवतं का? भाकरी-चपातीला कसा होता, तेही लिहा.