१.८ सेकंदांचे आवर्तन

मराठीत ‘डीजे’ हा शब्द आता माणसाचा राहिलेला नाही. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला आपण डीजे म्हणतो. ‘डीजे लावला’, ‘डीजेवर बंदी आली’ असे बोलताना त्या भिंतीमागे कोणी माणूस असेल, त्याच्या हातात काही कसब असेल, हा विचार मनाला शिवत नाही. ज्या परंपरेतून हा शब्द आपल्याकडे आला, तिचा इतिहास मात्र हाताच्या आणि कानाच्या कसबाचाच आहे. टेक्नो संगीतात तो विशेष स्पष्ट दिसतो.

सुरुवात टेक्नोच्या जन्माआधीची. १९७० च्या आसपास न्यूयॉर्कमधील एका जुन्या चर्चच्या वास्तूत ‘सँक्च्युअरी’ नावाचा क्लब चाले. तेथे फ्रान्सिस ग्रासो हा तरुण रेकॉर्डी वाजवत असे. तबकडी आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये तो एक निसरडी चकती ठेवी. खालची तबकडी फिरत राही, वरची रेकॉर्ड मात्र बोटांनी रोखून धरलेली असे. नेमक्या क्षणी बोटे उचलली की नवे गाणे पूर्ण वेगात सुरू होई. आकाशवाणी केंद्रांवरची ही जुनी युक्ती ग्रासोने नाचघरात आणली आणि दोन गाण्यांचे ठेके एकावर एक बसवण्याची कला रूढ केली. त्या रेकॉर्डींवर हाडामांसाचे ढोलवादक होते आणि त्यांची लय क्षणोक्षणी थोडी हले. त्यामुळे दोन गाणी फार काळ एकत्र धरून ठेवणे जिकिरीचे होते.

ही अडचण दोन यंत्रांनी कमी केली. १९७९ साली टेक्निक्स कंपनीच्या ‘एसएल-१२००’ या रेकॉर्ड प्लेअरची सुधारित आवृत्ती आली. तिची मोटर पट्ट्याच्या मध्यस्थीशिवाय थेट तबकडी फिरवी आणि एका सरकत्या खुंटीने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करता येई. दुसरे यंत्र म्हणजे ताल वाजवणारा ड्रम मशीन. १९८० च्या दशकाच्या मध्यावर डेट्रॉइटमध्ये हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी या यंत्रांवर जे संगीत उभे केले, ते टेक्नो. यात लय ढळत नाही. म्हणून दोन रेकॉर्डी कित्येक मिनिटे समांतर चालवता येतात.

पण लय न ढळणे म्हणजे लय जुळणे नव्हे. एक रेकॉर्ड मिनिटाला १३० ठोके देते आणि दुसरी १३०.५, असे समजू. समेवर एकत्र सोडलेल्या या दोन रेकॉर्डी एका मिनिटात बरोबर अर्ध्या मात्रेने फाकतात आणि घोडदौडीसारखा गोंधळ ऐकू येतो. म्हणून डीजेचा एक कान सभागृहाकडे असतो, दुसरा हेडफोनमधल्या पुढच्या रेकॉर्डीकडे. कोणती पुढे धावते आहे हे ओळखून खुंटी केसभर सरकवायची, तबकडीच्या कडेला बोट टेकवून ती क्षणभर रोखायची. शिवाय दोन्ही रेकॉर्डींचा खर्ज एकाच वेळी वाजला तर आवाज गढूळ होतो. त्यामुळे येणाऱ्या रेकॉर्डीचा खर्ज मिक्सरवर काढून ठेवतात आणि १६ किंवा ३२ आवर्तने पुरी होताच एकीचा काढून दुसरीचा देतात. नाचणाऱ्याला गाणे बदलल्याचे कळत नाही, पण जमीन हलल्याचे जाणवते.

पुढे या कसबानेच संगीताचा घाट बदलला. टेक्नोच्या रेकॉर्डींना आरंभी आणि अखेरी नुसत्या ठेक्याची लांब पट्टी येऊ लागली; ती जोडकामासाठीच होती. डेट्रॉइटच्याच जेफ मिल्सने १९९४ च्या ‘सायकल ३०’ मध्ये याचे टोक गाठले. येथे काही खाचा सर्पिल नसून स्वतःला मिळणारी बंद वर्तुळे आहेत. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डीला एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. त्यात चार मात्रा बसवल्या की लय मिनिटाला १३३⅓ ठोके ठरते. सुई उचलेपर्यंत तेच आवर्तन चालू राहते. ऐकायला अपुरे वाटणारे हे साहित्य डीजेच्या हाती पडल्यावरच पुरे होते.

आपल्या शेजारच्या गोव्याने याच काळात वेगळी वाट धरली. हणजूणच्या किनाऱ्यावरील उन्हात रेकॉर्डी वाकत, धूळ खाचांत बसे. म्हणून तेथील डीजे कॅसेट आणि डिजिटल टेप वापरीत. टेपचा वेग सहसा बदलता येत नसल्याने ठेक्यावर ठेका बसवणे अवघड झाले. गोवा ट्रान्सच्या रचनांना ठेक्याविना तरंगणारे आरंभ आणि शेवट लाभले, त्यामागे हेही एक कारण आहे. साधन बदलले की कसब बदलते आणि कसब बदलले की संगीत.

म्हणूनच २०१० नंतर सर्रास झालेल्या ‘सिंक’ बटणाचा वाद मला अर्धवट वाटतो. हे बटण दोन लयी आपोआप जुळवते. जुने जाणकार त्याला फसवणूक म्हणतात, नवे त्याला मुक्ती मानतात. कोणती रेकॉर्ड, कोणत्या वेळी, कोणत्या गर्दीपुढे, हा निर्णय बटण घेत नाही, हे खरे. परंतु लय जुळवण्यासाठी जो सततचा कान द्यावा लागे, त्यातूनच हा निर्णय पिकत असे, हेही तितकेच खरे. मिल्सने १९९५ साली टोकियोच्या ‘लिक्विड रूम’मध्ये तीन तबकड्यांवर केलेले वादन पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील घसरणी आणि सावरणे तसेच ठेवले होते. ते ऐकताना यंत्रांच्या गजरात एक माणूस धडपडतो आहे, हे कळते. आपल्या ‘डीजे’ या शब्दातून निसटला आहे तो हाच माणूस.