जंक्शनच्या पलीकडचं कल्याण

गाडी बदलण्यासाठी कल्याण स्टेशनात उतरला नाही असा माणूस ठाणे जिल्ह्यात विरळाच. पूल चढायचा, पूल उतरायचा, कसारा की कर्जत एवढं बघायचं, झालं. पण कल्याण पाहायचं म्हणून किती जण उतरले असतील? माझाच हिशेब सांगतो. दोन स्टेशनं अलीकडे, डोंबिवलीत उभा जन्म काढून मी कल्याणला गेलो तो लग्नामुंजींना. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मात्र ठरवून गेलो. पिशवीत पाण्याची बाटली आणि जुन्या ठाणे गॅझेटियरची झेरॉक्स पानं. सोबतीला आतेभाऊ. तो तिथलाच.

स्टेशनाबाहेरची गर्दी ओलांडून आपण जुन्या गावाकडे चालू लागलो की रस्ते अरुंद होतात आणि नावं जुनी होतात. पारनाका, टिळक चौक, गांधी चौक. टिळक चौकाजवळच आत्याचा वाडा होता. चौकात विहीर, ओटीवर झोपाळा. आता तिथे सात मजली इमारत आहे. आत्या त्या इमारतीतच गेली, तिसऱ्या मजल्यावर. विहीर कुठे होती ते आतेभावाने पार्किंगमध्ये पाय आपटून दाखवलं. असे वाडे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ज्यांना गळक्या छपराखाली राहावं लागलं त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही खरं. पण उरलेले पाहायचे असतील तर लवकर जा.

पारनाक्याच्या या परिसरातच आनंदीबाई जोशी लहानाच्या मोठ्या झाल्या. माहेरचं नाव यमुना. कल्याणच्या टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोश्यांशी नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत, त्यांना लेकीसारखं वागवणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. पारनाक्यावर भाजी घेणाऱ्या चारपाच जणांना मी त्यांचं घर विचारलं. दोघांनी दवाखान्याचा पत्ता सांगितला.

इथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. म्हणजे गावात आगगाडी आल्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी. ठाण्याहून कल्याणपर्यंतची लाइन १ मे १८५४ रोजी सुरू झाली. पुढे १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रुळांनी ओलांडला गेला, आणि दोन्ही वाटा कल्याणातूनच फुटल्या. तेव्हापासून आपण याला जंक्शन म्हणू लागलो.

पण हे गाव त्याआधी दीड-दोन हजार वर्षं जंक्शनच होतं. पैठण-जुन्नरकडचा माल नाणेघाट उतरून इथे यायचा आणि खाडीतून गलबतांवर चढायचा. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. त्यांत एक सोनार आहे, ज्याने पाण्याचं टाकं खोदवून दिलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वर्णनात कल्याणची तक्रारही नोंदलेली आहे: पूर्वी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, आता चुकून इथे आलेली ग्रीक जहाजं पहारा बसवून भडोचला नेतात. सातवाहन आणि शक यांच्या भांडणात बंदर भरडलं गेलं, असा याचा अर्थ अभ्यासक लावतात. ही ओळ मी बाकावर बसून आतेभावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, “म्हणजे गाडी वळवण्याचा त्रास तेव्हापासून आहे तर!”

दुपारी खिडकी वडा खाल्ला. दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू? मग काळा तलाव. तळ्याकाठची मशीद आणि मोतबरखानाची कबर ही मोगलाईची आठवण. संभाजीमहाराजांच्या वधानंतर उत्तर कोकणातले किल्ले मोगलांसाठी घेणारा हा फौजदार. आमच्या शालेय पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. होती ती कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट. तिला समकालीन कागदांचा आधार सापडत नाही, असं इतिहासकार सांगतात. महाराजांच्या स्त्रीदाक्षिण्याचे अस्सल पुरावे मात्र आहेत, त्यामुळे तिच्यावाचून काही अडत नाही.

ऊन कललं तेव्हा दुर्गाडीवर पोहोचलो. किल्ला लहानसाच. नवरात्रात गर्दी उसळते, एरवी शांत. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजीमहाराजांच्या आरमाराची सुरुवात या खाडीकाठी झाली. जहाजबांधणीसाठी रुय लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीजाच्या हाताखाली शेकडो माणसं कामाला लागली. ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखलं, त्यांना फितवलं आणि ते काम टाकून मुंबईकडे पळाले. तरी जहाजं झालीच. १६६५ साली महाराज आरमार घेऊन थेट कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. तो निम्मा-अर्धा तयार तांडा टाकून कारागीर पळाले, त्या सकाळी या काठावर उभं राहून आपली माणसं काय म्हणाली असतील, याचा मला राहूनराहून विचार येतो. कागदात ते नाही.

बुरुजावरून खाली पाणी दिसत होतं, भरती लागत होती. पलीकडे भिवंडीचा रस्ता, त्यावर ट्रकांची रांग. “गोदी नेमकी कुठे होती रे?” मी विचारलं. आतेभावाने हात उचलला, पुलाच्या या बाजूला फिरवला, मग त्या बाजूला, आणि खाली घेतला. “आमच्या लहानपणी,” तो म्हणाला, “पाणी इथपर्यंत यायचं.”

तेवढ्यात वहिनीचा फोन आला: भाकऱ्या थापायला घेतल्यात, जेवूनच जा.