हॅपिसबर्ग

हॅपिसबर्ग : इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील उत्तर समुद्राकाठचे एक खेडे व पुराश्मयुगीन अवशेषांचे प्रसिद्ध स्थळ. स्थानिक उच्चार हेझ्बरो. उत्तर यूरोपातील मानवी वावराचे सर्वांत जुने ज्ञात पुरावे येथे मिळाले आहेत.

येथील कडे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या माती-वाळूचे असून ठिसूळ आहेत. लाटांच्या माऱ्याने ते सतत ढासळतात व त्यांखाली गाडला गेलेला क्रोमर वनस्तर हा प्राचीन गाळाचा थर उघडा पडतो. या किनाऱ्यावरील अश्मायुधांचा शोध दीर्घकाळ वादग्रस्त होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे. रीड मॉयर यांनी पूर्व अँग्लियातील फुटके फ्लिंट ही अतिप्राचीन मानवाची हत्यारे होत, असे प्रतिपादिले. परंतु जमिनीतील नैसर्गिक दाबानेही तसेच तुकडे पडतात, असे एस्. हॅझल्डिन वॉरन यांनी दाखवून दिले. त्यामुळे केवळ आकाराचा पुरावा अपुरा ठरला. मानवी घडणीच्या स्पष्ट खुणा आणि मूळ थराचे निश्चित वय ही दोन्ही प्रमाणे आवश्यक मानली जाऊ लागली.

२००० साली किनाऱ्यावर फिरणाऱ्या एका रहिवाशाला वनस्तराच्या मातीत रुतलेली हातकुऱ्हाड आढळली. पुढे २००५ मध्ये सफक परगण्यातील पेकफील्ड येथील सु. ७ लाख वर्षांपूर्वीची ३२ अश्मायुधे प्रसिद्ध झाली. हॅपिसबर्ग येथील २००५–१० मधील उत्खननांत फ्लिंटचे ७० हून अधिक घडीव तुकडे प्राचीन नदीच्या गाळात मिळाले. त्या गाळातील चुंबकत्वाची दिशा आजच्या उलट असल्याने तो ७,८०,००० वर्षांहून अधिक जुना ठरतो. वनस्पती व प्राणी यांच्या अवशेषांवरून त्याचे वय सु. ८·५ ते ९·५ लाख वर्षे मानण्यात आले. सूचिपर्णी अरण्ये व कडक हिवाळा असलेल्या प्रदेशातही मानव तग धरू शकत होता, हे यावरून दिसून आले. मात्र मानवी अस्थी न मिळाल्याने त्याची जाती निश्चित झालेली नाही.

मे २०१३ मध्ये याच गाळात लहानथोरांची सु. ५० पाऊलचिन्हे उघडी पडली. संशोधकांनी त्यांची छायाचित्रे व मापे घेतली, सु. दोन आठवड्यांत लाटांनी ती नष्ट केली. अवशेष उघडा पाडणारा समुद्रच तो नाहीसा करीत असल्याने येथे एकदा केलेले उत्खनन पुरेसे ठरत नाही. किनाऱ्याची नियमित पाहणी व तत्काळ नोंद हाच येथील संशोधनाचा मुख्य आधार होय.