प्राथमिक स्तरावरील इतिहास अध्यापन : गोष्ट, काळ आणि पुरावा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेत इतिहास कशासाठी शिकवावा, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीविषयक ज्ञान यांच्या जोडीने सामान्य इतिहासाच्या प्राथमिक ज्ञानाचीही शिफारस केली होती. शेतकऱ्याच्या मुलाला हिशेबाप्रमाणेच इतिहासाचीही गरज आहे, असा या शिफारशीचा आशय आहे. प्रस्तुत लेखात ही गरज आजच्या वर्गात कशी भागविता येईल, याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६८ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याची चिकित्सा केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली. म्हणजेच महाराष्ट्रातील इतिहासलेखन पुरावा मागण्याच्या वृत्तीतून वाढले. प्राथमिक वर्गात मात्र ही वृत्ती फारशी पोहोचली नाही. तेथे मुलांच्या हाती निष्कर्ष तेवढे आले.

राज्यातील अनेक पिढ्यांचा इतिहासाशी पहिला परिचय इयत्ता चौथीतील शिवचरित्राने झाला. गोष्टीरूप मांडणी हे त्याचे बळ होय. सात ते अकरा वर्षांचे मूल मूर्त वस्तू व प्रसंग यांच्या आधारे विचार करते, असे पियाजे यांचे प्रतिपादन आहे. त्यामुळे गोष्ट वगळून या वयात इतिहास शिकविणे योग्य ठरणार नाही. तथापि, काळ आणि पुरावा यांची जोड नसलेली गोष्ट मुलाच्या मनात परीकथेशेजारीच जाऊन बसते.

कालबोध

‘साडेतीनशे वर्षांपूर्वी’ हे शब्द नऊ वर्षांच्या मुलास अर्थहीन असतात. एका वर्षास एक सेंटिमीटर या प्रमाणाने दोरी ताणल्यास मुलाचे स्वतःचे आयुष्य नऊ सेंटिमीटर भरते, आजोबांचे साठ-सत्तर. १९४७ चे स्वातंत्र्य पाऊण मीटरच्या थोडे पुढे येते आणि १६७४ चा राज्याभिषेक सुमारे साडेतीन मीटरवर. सम्राट अशोकापर्यंत पोहोचण्यास दोरी बावीस मीटरांहून अधिक लागते. ती वर्गाबाहेर मैदानात न्यावी लागते. अंतर पायाखाली आले म्हणजे काळ समजू लागतो.

पुराव्याची ओळख

शिवकाळातील एक पत्र येथे उपयुक्त आहे. १६७० च्या दशकात चिपळूण परिसरातील लष्कराला पाठविलेल्या या पत्रात रयतेस उपद्रव देऊ नये, दाणावैरण जपून वापरावी, असे बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असा इशाराही त्यात आहे. उंदराची वात मुलांना तत्काळ आवडते. त्यानंतर शिक्षकाने विचारावे : हे पत्र कोणी, कोणास व का लिहिले? वैरण जळाली असती तर नुकसान कोणाचे झाले असते? या प्रश्नांतून राजाबरोबर रयतही इतिहासात प्रवेश करते आणि थोर पुरुषाविषयीचा आदर उणावत नाही, उलट तो साधार होतो. गावातील वीरगळ, घरातील जाते, शाळेचे जनरल रजिस्टर ही साधनेही विनामूल्य उपलब्ध आहेत.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार इयत्ता तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारी स्तर मानला आहे. पूर्वतयारी म्हणजे पुढील इयत्तांतील सनावळ्या आधीच पाठ करून घेणे नव्हे. ‘हे कशावरून?’ असे विनयाने विचारण्याची सवय हीच इतिहासाची खरी पूर्वतयारी होय. पूर्वजांच्या नावाने केलेले कोणतेही विधान हे मूल पुढे नागरिक म्हणून ऐकेल, तेव्हा ते पारखून घेण्याचे सामर्थ्य त्याला याच सवयीतून लाभेल.